शेवटची खोली

कंपनीच्या कामासाठी हॉटेलात राहून आलेल्या कुणालाही विचारा, खोलीचा भाव कोण ठरवतं? बहुतेक जण ॲपकडे बोट दाखवतील. मी पुण्यात बसून तसलंच ॲप लिहितो. भाव आम्ही ठरवत नाही. तो आदल्या वर्षीच ठरलेला असतो.

साधारण ऑगस्टपासून मोठ्या कंपन्यांचे खरेदीवाले हॉटेलांना आरएफपी पाठवायला लागतात. पुढच्या वर्षी आमची माणसं तुमच्याकडे इतक्या रात्री काढतील, बोला काय भाव देता? सोबत लांबलचक प्रश्नावली: नाश्ता धरून का, वायफाय धरून का, बुकिंग किती वाजेपर्यंत रद्द करता येईल. मोजमाप माणसांत नाही, 'रूम नाइट'मध्ये. मंडईतली घासाघीसच ही, फक्त एक्सेलमध्ये चालते.

यात एक रकाना असतो, एलआरए, म्हणजे लास्ट रूम अव्हेलेबिलिटी. तिथे 'हो' असेल तर त्या प्रकारची शेवटची खोली शिल्लक असेपर्यंत हॉटेलला ठरलेला भाव द्यावाच लागतो. 'नाही' असेल तर गर्दीच्या दिवसांत हॉटेल तो भाव बंद करू शकतं. 'नाही'वाला भाव साहजिकच कमी मिळतो. आणि खरेदीवाल्याला वर्षअखेरीला बचत दाखवायची असते. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

फेब्रुवारी २०२५मध्ये बंगळुरूजवळ येलहंकाला एअरो इंडिया भरलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या टीममधली एक टेस्टर क्लायंटकडे निघाली. ठरलेले भाव सगळीकडे बंद. उघड्या बाजारातले भाव तिच्या ग्रेडच्या मर्यादेबाहेर. सिस्टिमने मर्यादेत बसणारं एकच हॉटेल दाखवलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. विमान उतरलं रात्री साडेअकराला. तिने फोन केला तर तिथलं रिसेप्शन अकरालाच बंद होत होतं. जास्तीच्या खर्चाला मंजुरी देणारे साहेब झोपले होते. ती विमानतळावरच खुर्चीत बसून राहिली आणि सकाळी तोंड धुऊन थेट मीटिंगला गेली.

महिन्याच्या रिपोर्टमध्ये ती रात्र 'बचत' या रकान्यात आली. एक रूम नाइट.

बाबा औषधकंपनीत एमआर होते. लातूर-नांदेडला फिरायचे. दिवसाचा ठरावीक भत्ता, लॉज स्वतः निवडायचा. ढेकूण असायचे, उगाच गोडवे गात नाही. पण कुठला मॅनेजर बारा वाजता दार उघडतो हे त्यांना पाठ होतं. ते ज्ञान आता आमच्या डेटाबेसमध्ये असायला हवं, आणि त्यासाठी फील्डच नव्हतं. कर मात्र होता. हॉटेल कर्नाटकात आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर खोलीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. यावरून अकाउंट्सवाले माझ्याकडे तीनदा आले. रिसेप्शन कधी बंद होतं हे विचारायला कुणी आलं नाही.

मी दोन गोष्टी मागितल्या. रिसेप्शनची वेळ आणि विमान उतरण्याची वेळ ताडून बघायची, न जुळल्यास मर्यादा आपोआप सैल करायची. दुसरीवर प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाली, "अरे, क्लायंट आपल्याकडे येतात ते मर्यादा पाळल्या जाव्यात म्हणून." चुकीचं नाही बोलली ती. आमचं ॲप त्यासाठीच विकलं जातं. ते तिकीट अजून उघडं आहे.

पहिली गोष्ट मान्य झाली. या वेळच्या प्रश्नावलीत एक ओळ वाढली: रिसेप्शन चोवीस तास उघडं असतं का? बंगळुरूच्या अकरा हॉटेलांनी ती कोरी सोडली आहे. त्यांना मी एकेक करून फोन लावतोय.