मातीचा वाटा

रब्बीची ज्वारी पेरली जाते पावसाळा सरताना आणि जगते त्याच पावसाळ्याच्या पाण्यावर. धाराशिवच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची पेरणी उरकली, की पुढं आभाळाचा भरवसा धरायचा नाही. मुरलेली ओल काढणीपर्यंत पुरवायची, एवढंच आपल्या हातात.

काळी माती वाळली की आकसते. वर बारीक रेघ दिसते, पण भेग खोल गेलेली असते. खालची ओल उडते, मुळंही तुटतात. म्हणून कोळपणीच्या वेळा मी चुकवत नाही. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. आधीच्या दोन पाळ्यांत तण निघतं. तिसरी भेगा बुजवण्यासाठी. वर भुसभुशीत मातीचा थर बसला, की खालचं पाणी वर चढायची वाट तुटते. मातीवर मातीचंच आच्छादन, तेही बिनपैशाचं.

त्यावर काडीकचरा अंथरला तर ओल आणखी टिकते. कोरडवाहू ज्वारीला पेरणीनंतर पाच आठवड्यांच्या आत हेक्टरी 5 टन पसरावा, अशी शिफारस आहे. एवढा आणायचा कुठून? कडब्याला हात लावायचा नाही. आमच्या दुष्काळी मुलखात पेंढीन् पेंढी जनावरांसाठी जपावी लागते. पण त्याच सुमारास सोयाबीनची रास होते आणि भुसकटाचे ढीग पडतात. गोठ्याला लागेल तेवढं ठेवून बाकीचं मी ज्वारीच्या ओळींत नेतो. ताटांच्या बुडाशी थोडी जागा मोकळी सोडतो आणि जमीन ओली असतानाच पसरतो. कोरड्या रानावर टाकलं तर हलकी सर काडीतच अडकते.

उसाच्या रानात तर पाचट घरचंच, हेक्टरी 8 ते 10 टन. ते सरीत दाबून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू खत टाकायचं. पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. ते वरून दिलं नाही तर खोडव्याच्या वाट्याचं ओढलं जातं. तरीही तोडणी झाली की फड पेटलेले दिसतात आणि जीव तुटतो. सेंद्रिय कर्ब आधीच कमी असलेल्या जमिनीतून आपण तिचं अन्नही काढून घेतो, सावलीही.

रानात पिकलेल्यातला दाणा घराचा, वैरण गोठ्याची आणि उरलेलं मातीचं. या वाटणीत आगीचा वाटा कुठंच बसत नाही.