माणशी सोळा डॉलर

सिंगापूरला पोचायच्या आधीच आमच्या सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरायला लागला. क्रूझवर रोज माणशी 16 डॉलर टीप आपोआप बिलात लावतात, सक्ती नसते, पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन काढून टाका. खाली अंगठ्यांची रांग. 2023 चा डिसेंबर होता. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचे मिळून आम्ही 64 जण चार रात्रींच्या सफरीला निघालेलो, त्यातले निम्म्याच्या वर दुकानदार. हिशेब विमानातच झाला. 64 माणसं, 4 दिवस, 16 डॉलर, म्हणजे 4,096 डॉलर. "साडेतीन लाखाला टेकले की हो!" आमचे भाऊजी म्हणाले. "एवढ्यात गावाकडं चार जर्सी गाई येतील."

हिशेब बरोबर होता. मला खटकत होता तो 'टीप' हा शब्द. माझ्या माहेरच्या कापडदुकानात दिवाणजींना महिन्याचा पगार असायचा आणि दिवाळीला बक्षिसी. पगाराला दोन दिवस उशीर झाला तर वडील त्यांच्याशी नजर चुकवून बोलायचे. बक्षिसी किती, हे मात्र गादीवर बसणाऱ्याच्या मर्जीवर. पूजेच्या सवालाला बोललेला पैसा आणखी तिसरा. तीन पैशांना तीन नावं, म्हणून कुणाचा गोंधळ होत नसे. जहाजावर गेल्यावर कळलं की इथं पगाराच्याच मोठ्या भागाला बक्षिसीचं नाव दिलेलं आहे.

रीत अमेरिकेकडची. तिथं टीप घेणाऱ्या नोकराला मालकानं द्यायचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर थांबलंय. उरलेलं गिऱ्हाइकाच्या खिशातून निघावं अशी अपेक्षा. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या कचेऱ्या फ्लोरिडात, जहाजांची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या ठिकाणी, आणि ताटं उचलणारे हात भारत, फिलिपिन्स, इंडोनेशियाचे. रीत तेवढी अमेरिकेची आली, तिथला कामगार कायदा काही मागून आला नाही. पूर्वी सफरीच्या शेवटच्या रात्री प्रवासी आपापल्या वेटरच्या, खोली आवरणाऱ्याच्या हातात लिफाफे ठेवत. पुढं कुठंही, केव्हाही जेवायची सोय झाली, आठवडाभर एकच टेबल आणि एकच वेटर ही पद्धत सैल पडली. मग लिफाफा द्यायचा कुणाला? रोजची रक्कम बिलात लागायला लागली आणि तिचा सामायिक गल्ला झाला.

हे सगळं मला सांगितलं ते आमच्या टेबलावरच्या मुलानं. मुलगा म्हणजे पस्तिशीचा असेल. पहिल्या संध्याकाळी इंग्रजीत 'मॅडम, मॅडम' चाललेलं. मी जाऊबाईंना "लोणचं आणलंयस काय गं?" म्हटलं तसा तो थबकला. पेडण्याचा निघाला. "मावशी, बेळगांव म्हळ्यार आमचेंच," असं म्हणून पुढं अर्ध्या कोकणीत, अर्ध्या मराठीत बोलायला लागला. गोव्यात जहाजावर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. सासष्टी, बार्देशातल्या कितीतरी घरांवरची कौलं त्यांच्या पैशांनी बदलली आहेत. याच्या घरातला मात्र हा पहिलाच. आठ महिने जहाज, दोन महिने घर, आणि घरच्या दोन महिन्यांना पगार नाही. मोपाचा विमानतळ त्याच्याच तालुक्यात झाला याचं त्याला मोठं अप्रूप. "आता विमानातून उतरलों की वीस मिनटांत आवयकडे."

त्याच्या करारात महिन्याचा एक हमीचा आकडा होता. त्यातला मूळ पगार थोडा, बाकीचा टीपच्या गल्ल्यातून यायचा. गल्ला कमी पडला तर कंपनी त्या आकड्यापर्यंत भरून देते. जास्त भरला तर वरचा पैसा हिश्शाप्रमाणे वाटला जातो. वेटर, त्याचा मदतनीस, खोल्या आवरणारे, आणि प्रवाशाला कधी न दिसणारेही काही जण त्यात येतात. सगळ्याच कंपन्यांची रीत एक नसते. काही ठिकाणी ही रक्कम तिकिटातच धरतात, तिथं हा प्रश्नच उरत नाही.

हे ऐकल्यावर भाऊजींनी लगेच बोट ठेवलं. "म्हणजे आम्ही टीप काढली तर कंपनी भरून देणार. त्याचं काय जातंय?" दुकानात बसणारा माणूस आहे, नस बरोबर सापडते. पण हमीचा आकडा हा मंदीच्या महिन्याचा आकडा असतो. पेडण्यातल्या घराच्या कर्जाचा हप्ता त्यानं डिसेंबर धरून बसवलेला. शाळांच्या सुट्ट्या, नाताळ, नवं वर्ष, जहाज भरलेलं. ही त्याची सुगी. शेतातल्या सुगीत राबणंही वाढतं आणि धान्यही वाढतं. जहाजावर राबणं वाढणार हे नक्की. धान्याचं मात्र रिसेप्शनवर कितीजण जाऊन उभे राहतात त्यावर ठरतं.

राबणं किती वाढतं, तेही सांगते. क्रूझवाले एका खोलीत दोन माणसं धरून जहाज 100 टक्के भरलं असं मोजतात. तिसऱ्या-चौथ्या खाटेवर मुलं आली की आकडा 100 च्या वर जातो, आणि सुट्टीत तो जातोच. आम्ही परतल्यानंतर महिन्याभरानं 'आयकॉन ऑफ द सीज' हे तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं क्रूझ जहाज मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. खोलीला दोघे धरले तर 5,610 प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर 7,600. नोकरवर्ग 2,350. सुमारे दोन हजार माणसं वाढली तरी नोकर वाढवता येत नाहीत, कारण त्यांच्या झोपायच्या खाटा ठरलेल्या असतात. आमचं जहाज त्याच्या मानानं लहान होतं, पण गणित तेच. आमची खोली आवरणारा इंडोनेशियाचा मुलगा दुपारी बारालाही कुठल्यातरी दाराशी चादरींच्या ढिगामागं वाकलेला दिसायचा. महासाथीनंतर बऱ्याच कंपन्यांनी खोली दिवसातून दोनदा आवरायची ती एकदाच आवरायला सुरुवात केली. प्रवाशाला वाटतं, बरं झालं, पोराचं काम निम्मं झालं. वाचलेल्या वेळात त्याच्याकडं आणखी खोल्या आल्या.

आणि त्यात आम्ही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर नाही, आणि जेवण सूर्यास्ताच्या आत. आमच्यातले बारा-पंधरा जण तर अंधार पडल्यावर पाणीही न घेणारे. त्या भागात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणून आमची पंगत साडेपाचला. सहलवाल्यांनी ही सगळी सोय आधी बोलून ठेवलेली, जहाजानं ती मन लावून केलीही. डाळ, पोळी, केळ्याची भाजी. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनीही नाव ठेवलं नसतं. पण साडेपाचला ताट मांडायचं तर मांडणारा साडेचारला हजर. आमच्यानंतर नेहमीच्या दोन पंगती, त्या आवरेपर्यंत साडेदहा-अकरा. सकाळचा नाश्ता साडेसहाला. मध्ये दुपारी तीन-चार तास पाठ टेकायची, ती पाण्याच्या पातळीखालच्या, दोघांच्या बिनखिडकीच्या खोलीत.

कायदा आहे. 2006 चा सागरी कामगार करार 2013 पासून लागू झाला, भारतानं 2015 मध्ये मान्यता दिली. त्यात कामाच्या तासांची मर्यादा घातली तर ती 24 तासांत 14 आणि सात दिवसांत 72. विश्रांतीची घातली तर दिवसाला किमान 10 तास, फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक निदान सहा तासांचा. आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात आठवड्याला 48 तासांचा कायदा आहे, हे त्याला सांगितलं तर तो हसला. "मावशी, हांगा सात दिवसांचो आठवडो. आयतार नाच." पुढं म्हणाला, गर्दीपेक्षा त्याला रिकाम्या जहाजाची जास्त भीती वाटते. मार्च 2020 मध्ये जगभरची जहाजं थांबली तेव्हा तो कित्येक आठवडे समुद्रातच अडकला, मग घरी आला आणि घरीच बसला. न वाढलेल्या ताटाला हमीचा आकडा नसतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिंगापूरहून कुठल्याही बंदराला न जाणाऱ्या सफरी सुरू झाल्या, त्याही निम्म्याच प्रवाशांवर. निम्मे प्रवासी म्हणजे वेटरही कमी. याला बोलावणं यायला पुढचं वर्ष उजाडलं. तेव्हापासून माणसांनी गजबजलेलं जेवणघर बघितलं की त्याचे पाय दुखतात आणि जीव थंड होतो, असं काहीसं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनसमोर आमच्या लोकांची रांग लागली. मी भाऊजींना गाठलं. ते म्हणाले, "वैनी, पगार देणं मालकाचं काम. माझ्या दुकानातल्या नोकराचा पगार मी गिऱ्हाइकाकडून मागतो काय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ते शंभर टक्के बरोबर बोलत होते. मी एवढंच म्हटलं, की मालकानं गिऱ्हाइकाकडूनच द्यायचं ठरवलंय आणि तिकिटाचा भाव तेवढा खाली ठेवलाय. स्वस्त तिकीट आपण घेतलं. आता मालकाला धडा शिकवायचा तर तो त्या मुलाच्या डिसेंबरातून कशाला? भाऊजी म्हणाले, "मी त्याच्या हातात रोख देतो की. मधे कंपनी नको." ते बोलल्याप्रमाणे वागणारे आहेत. तिसऱ्या रात्री त्यांनी त्याच्या मुठीत पन्नास डॉलरची नोट दाबली. त्यानं दोन्ही हातांनी घेतली. नंतर माझ्याजवळ हळूच म्हणाला, ज्या खोलीनं बिलातली टीप काढली तिथून मिळालेली रोकड त्या जहाजाच्या नियमाप्रमाणे गल्ल्यात जमा करावी लागते. तो करणार होता. भाऊजींना सांगू नका म्हणाला, त्यांना वाईट वाटेल.

64 पैकी 37 जणांची टीप शेवटी बिलातून गेली. 27 जणांची राहिली, त्यात आमच्या घरातली भाऊजी सोडून सगळी. जाऊबाईंनी नवऱ्याला न सांगता स्वतःची परत लावून घेतली, ही बातमी मला बेळगावला आल्यावर कळली.

पाचव्या दिवशी सकाळी नऊलाच आम्हाला खोल्या मोकळ्या करायला लावल्या. दुपारपासून नवे प्रवासी चढणार होते. तेवढ्या वेळात साऱ्या चादरी, सारे टेबलक्लॉथ बदलायचे. तो जेवणघराच्या दाराशी उभा होता. हातात पुढच्या फेरीची यादी, कुठल्या टेबलावर काय चालत नाही त्याची. मी म्हटलं, आता तरी थोडं बस. त्यानं यादीवरून बोट फिरवलं.

"नव्वद जैन आहेत, मावशी. अहमदाबादचे. साडेपाचचीच पंगत."