चारशे यार्डांसाठी काडतूस

कोलोरॅडोत हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीत लागतो. माझा लागला तेव्हा हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला होता, पण स्वतःची रायफल नव्हती. जन्म नागपूरचा, १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या आमच्या पिढीने शिकार फक्त गोष्टींत ऐकलेली. इथला नियम असा की, हरणासाठी गोळीचा व्यास किमान ०.२४ इंच हवा, वजन किमान ७० ग्रेन, आणि १०० यार्डांवर तिच्यात निदान १,००० फूट-पाउंड ऊर्जा उरायला हवी. दुकानातली निम्मी कपाटं या नियमात बसतात.

मला जायचं होतं क्रेग गावाच्या बाजूला. तिथे सेजब्रशचं उघडं माळरान. तिथली म्यूल डियर जातीची हरणं लांबूनच माणूस हेरतात, त्यामुळे तीन-चारशे यार्डांची तयारी ठेवावी लागते.

शेजारच्या आजोबांनी आपल्या तीन रायफली रेंजवर आणल्या: .२७० विंचेस्टर, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि ६.५ क्रीडमोर. पहिलं काडतूस १९२५चं, दुसरं १९६२चं, तिसरं २००७चं. माझा ओढा मॅग्नमकडे होता. आजोबा काही बोलले नाहीत. माझ्या नकळत त्यांनी चेंबरमध्ये रिकामं काडतूस घातलं. मी ट्रिगर दाबला, नुसतं ‘टक्’ झालं आणि नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं. धक्क्याच्या धास्तीने खांदा आधीच आखडत होता. क्रीडमोरवर तेच केलं, तर नळी जागची हलली नाही.

मग आकडे काढून बसलो. दोन्ही रायफली २०० यार्डांवर झिरो केल्या, म्हणजे तिथे गोळी नेमकी नेमावर लागेल अशा जुळवल्या, तर क्रीडमोरची १४३ ग्रेनची गोळी ४०० यार्डांवर सुमारे २२ इंच खाली येते आणि मॅग्नमची १६२ ग्रेनची साधारण १८-१९ इंच. एवढ्या फरकाची भरपाई स्कोपच्या डायलवर होते. ऊर्जा मॅग्नममध्ये बरीच जास्त, पण क्रीडमोरमध्येही तिथे १,४०० फूट-पाउंडांच्या वर उरते. ताशी १० मैलांचा आडवा वारा मात्र दोन्ही गोळ्यांना आठ-नऊ इंच सरकवतो. हरणाच्या छातीतला मर्माचा भागच तेवढा. शिवाय गोळीला पोचायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकू शकतं.

मी क्रीडमोर घेतली. मॅग्नमच्या मानाने काडतुसंही स्वस्त, त्यामुळे सराव भरपूर झाला. तोही टेबलावरून नाही, तर पाठीवरची सॅक जमिनीवर ठेवून, तिच्यावर रायफल टेकवून. निशाणाला नऊ इंचांची कागदी थाळी. वारा नसताना ४०० यार्डांवर गोळ्या थाळीत बसायच्या. वारा सुटला की ३००च्या पुढे भरवसा नाही.

ऑक्टोबरात नर दिसला तो ४१० यार्डांवर, आणि वारा आडवा. ओढ्याच्या घळीतून वाकून पुढे सरकलो आणि २६०वरून गोळी झाडली. फुप्फुसांतून आरपार गेली. त्या अंतरावर तिन्हींपैकी कुठलंही काडतूस चाललं असतं; ४१०वरून त्या वाऱ्यात मॅग्नम असती तरी मी झाडली नसती.