‘कल्पना छान!’

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. समोर आलेल्या कोणत्याही वाक्याकडे तो आधी भाषा म्हणून पाहतो. माणूस त्यामागून दिसायचा तर दिसतो. या खोडीपायी माझ्या हातून एकदा जे घडले, ते नोंदवून ठेवावेसे वाटते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले. पूर ओसरून वर्ग पुन्हा भरू लागल्यावर मी अकरावीला ‘महापुराचे दिवस’ हा निबंध दिला. एरवी गप्प असणाऱ्या एका मुलाने लिहिले होते, की पाणी उतरले तरी रात्री त्याच्या कानांत ते वाहतच असते. त्या वाक्याखाली मी लाल शाईने रेघ ओढली, समासात ‘कल्पना छान!’ असे लिहिले, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि दहापैकी सात गुण दिले.

ती कल्पना नव्हती. दिवाळीनंतर मुलगा यायचा थांबला. तो कित्येक आठवडे धड झोपलाच नव्हता, हे पुढे त्याच्या मामांकडून कळले. मनोविकारतज्ज्ञांचे उपचार मिळाले, मुलगा सावरला. वर्ष मात्र गेले. त्याने आपले दुखणे सांगितले होते. ज्याला सांगितले, त्याने त्याचे गुण मोजले.

त्यानंतर बरेच दिवस मला वाटे, की आम्हा शिक्षकांनाच थोडे प्रशिक्षण दिले तर हे काम भागेल. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ‘सेहर’ या प्रयोगाविषयी वाचले आणि ही समजूत डळमळली. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांकडे सोपवला होता. काही शाळांत त्यासाठी वेगळी, प्रशिक्षण दिलेली, पण मानसोपचारातली पदवी नसलेली व्यक्ती नेमली होती. या दुसऱ्या शाळांत मुलांमधील नैराश्य आणि दांडगाई कमी झाली, शाळेचे वातावरण सुधारले. शिक्षकांच्या शाळांत असा फरक दिसला नाही. वाचून प्रथम मान दुखावला. मग उमगले, की जो हजेरी घेतो, गुण देतो, पालकांना बोलावून घेतो, त्याच्यापुढे मूल शब्द तोलूनच काढणार. यात शिक्षकाच्या चांगुलपणाचा प्रश्नच नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. तिथे डॉ. हमीद दाभोलकर आणि ‘परिवर्तन’चे कार्यकर्ते याच वाटेने गेले आहेत. सामान्य माणसांना भावनिक प्रथमोपचाराचे शिक्षण देऊन ‘मानसमित्र’ घडवायचे आणि गरज दिसताच तज्ज्ञांकडे पाठवायचे, अशी ती कल्पना. (ही मात्र खरोखरच छान!)

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. निर्देश स्वागतार्ह आहेत. भीती एवढीच, की ज्याचे तास कमी त्या शिक्षकाच्या हाती आणखी एक रजिस्टर देऊन आपण मोकळे होऊ.

साताऱ्याला हे अवघड जाऊ नये. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीरांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. गरिबाच्या मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, हे त्यांनी ओळखले होते. उपाशी मूल शिकू शकत नाही, हे आपण तेव्हाच मान्य केले. न झोपलेले मूलही शिकू शकत नाही, एवढेच आता मान्य करायचे आहे.

आता वर्गाच्या फळ्याशेजारी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक लावून ठेवला आहे. निबंध तपासताना एखाद्या वाक्यापाशी अडलो, तर समासात काही लिहीत नाही; मुलाला बाजूला बोलावून विचारतो, “हे खरंच असं होतं का रे?” पुष्कळदा उत्तर ‘नाही, सर’ असेच येते. क्वचित मूल खाली मान घालून उभे राहते. तेव्हा त्याला घेऊन जावे अशी एक खोली, आणि त्या खोलीत गुण न देणारे एक माणूस, आमच्या इमारतीत अजून नाही.