हिंगोलीकडील भूमि

आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे. गेल्या दिवाळींत त्यानें घरांत असें जाहीर केलें कीं, नोकरी सोडावी, हिंगोली जिल्ह्यांत पांचसहा एकर जमीन घ्यावी, तेथेंच घर बांधून शेती करावी. त्यासाठीं वाड्यांतील आपला हिस्सा विकण्यास तो सिद्ध होता. आणि वाडा समाईक असल्यामुळें कागदावर आमची सही लागणार होती. सही करण्यापूर्वीं भूमि डोळ्यांनीं पाहावी म्हणून वैशाखांत आम्ही काका-पुतणे निघालों. सूनबाईंनीं एका चिठ्ठीवर तीनच प्रश्न लिहून दिले होते : उन्हाळ्यांत पाणी कोठून, डॉक्टर किती लांब, आणि शेजार कोणाचा.

हिंगोलीच कां, ह्याचें कारण घरांतलेंच आहे. आमच्या आजोबांची औंढ्याकडे जमीन होती. ती ते स्वतः कसत नसत, कुळाकडे असे. १९४८ सालीं निजामाचें राज्य गेलें, १९५० सालीं हैदराबादचा कुळकायदा आला आणि पुढें ती जमीन कुळाच्या नांवें लागली. आमचे वडील त्याचा विषाद शेवटपर्यंत करीत. नांगराची मूठ कशी धरावी हें ज्या घरांत कोणासही ठाऊक नव्हतें, त्या घराची जमीन गेली ह्यांत अन्याय किती आणि न्याय किती, हें मात्र आम्हांस अजून नीट ठरवितां आलेलें नाहीं.

१९९९ सालीं परभणीपासून निराळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या शिरगणतींत येथें पावणेबारा लाखांच्या आसपास वस्ती भरली, म्हणजे चौरस किलोमीटरास अडीचशेंच्या आंत. सबंध महाराष्ट्राची सरासरी तेव्हां ३६५ होती. विरळ वस्ती म्हणजे मोकळी जमीन, असें गणित पुतण्यानें पुण्यांत बसून मांडलें होतें. प्रत्यक्षांत पेरण्याजोगी एकही पट्टी आम्हांस रिकामी दिसली नाहीं. वसमतेकडे पूर्णेचे कालवे आहेत, काळी जमीन आहे, हळद आहे. तेथें कोणी जमीन विकीत नाहीं, आणि विकलीच तर आपल्या आवांक्यांत नाहीं. सेनगांव-औंढ्याकडील डोंगराळ भागांत विकाऊ पाट्या दिसतात. कयाधूच्या पात्रांत त्या दिवसांत वाळू आणि चार डबकीं. वर्षास आठशें-नऊशें मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखांत ही स्थिति, कारण खडकावर पडलेलें पाणी ठरत नाहीं.

औंढ्याजवळ दुधाळा येथें लायगो नांवाची वेधशाळा होऊं घातली आहे. काटकोनांत चार चार किलोमीटरांच्या दोन भुजा, आणि त्यांतून दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींचा सूक्ष्म कंप टिपावयाचा. २०२३ सालीं केंद्र सरकारनें तीस सुमारें २,६०० कोटि रुपये मंजूर केले. शांत जागा शोधीत शास्त्रज्ञ येथें आले, ह्याचा पुतण्यास कोण आनंद! आम्हीं त्यास सांगितलें कीं, ह्याच जिल्ह्यांत पांगरा शिंदे गांवीं जमिनींतून गूढ आवाज येतात, आणि २०२४ सालीं मार्चांत व जुलैंत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. घर बांधणेंच झालें तर दगडमातीचें नको. डॉक्टरांची काळजी मात्र थोडी हलकी झाली. हिंगोलीस २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

महसूल कचेरींत निराळेंच कळलें. शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं, आणि आमच्या घरांतील एकाचेंही नांव आज कोणत्याही सातबाऱ्यावर नाहीं. तीन पिढ्या जमिनीच्या गोष्टी सांगणारे आम्ही कायद्यानें शेतकरीच नव्हतों!

शेवटीं संकोच सोडून आम्ही त्या जुन्या कुळाच्या नातवाकडे गेलों. गृहस्थ पन्नाशीचा. त्यानें आम्हांस बाजेवर बसविलें, चहा दिला आणि दलालानें दाखविलेला तुकडा पाहावयास स्वतः बरोबर आला. दीड हातावर मुरूम लागला. विहिरींत होळीपासून पाणी नव्हतें.

"गुरुजी," तो म्हणाला, "जमीन दावतेत पावसाळ्यात, पन बघावी उन्हाळ्यात. हे घेऊ नका."

मग तो हळदीविषयीं बोलूं लागला. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु मानांकनानें कांहीं ती उगवत नाहीं. नऊ महिने रानांत, मग काढणें, शिजविणें, वाळविणें, ढोलांत घोळून पॉलिश करणें. ऐन वाळवणांत अवकाळी आला कीं रंग गेला. हें सर्व त्यानें पुतण्याच्या हातांकडे पाहात सांगितलें.

"एक साल माझं दोन एकर बटईनं करून बघा म्हणावं. जमलं तर जमीन मीच बघून देतो, कागदाचं बी बघू. न्हाई जमलं तर पुन्याचा वाडा तरी ऱ्हाईल."

ज्याच्या आजोबांनीं आमच्या आजोबांची जमीन कसली, त्यानें आमच्या पुतण्यास आपलें कूळ व्हावयास बोलाविलें, हें पुतण्याच्या ध्यानीं आलें कीं नाहीं, कोण जाणे. आमच्या ध्यानीं आलें आणि कान तापले, हें लपवीत नाहीं. वडील असते तर बाजेवरून उठले असते. आम्ही बसून राहिलों, आणि बेणें कोणाचें, खर्च कोणाचा, हें आम्हींच विचारलें.

बेणें त्याचें, बाकीचा खर्च निम्मा, असें ठरलें. मृगापूर्वीं पुतण्या एकटाच तिकडे राहावयास गेला. सूनबाई दिवाळीपर्यंत पुण्यासच राहतील. चिठ्ठीवरील तिसऱ्या प्रश्नापुढें त्यांनीं बरोबरची खूण केली आहे, पहिला तसाच आहे. वाड्याचा कागद आमच्या पेटींत आहे, सहीवांचून.