लिंबू नको, पाणी!

दुपारची जेवणं आटोपली होती. आजींनी पानाचा डबा पुढ्यात ओढला. शेजारी नववीतली नात चाचणीची तयारी करत होती. ‘आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार व पाणी तयार होतं,’ तिचं पाठांतर चाललं होतं.

चार वर्षांच्या धाकट्यानं डब्यातली चुन्याची पुडी उचलली आणि गंमत म्हणून दाबली. पुडी फुटली. चुना थेट डोळ्यात उडाला. पोरानं एकच आकांत मांडला.

“अगं, लिंबू पिळ! चुन्याला लिंबूच उतारा,” आजी घाबरून म्हणाल्या. नातीनं लिंबू कापलंही. पुस्तकही तेच तर सांगत होतं!

“आई, लिंबू नको!” सूनबाई धावत आल्या. मुलाला मोरीवर नेऊन त्यांनी पापणी उघडी धरली आणि तांब्यामागून तांब्या पाण्याची धार सोडली. पोरगं किंचाळत होतं, आजी रडत होत्या. पण अर्धा तास त्यांनी हात थांबवला नाही. मग रिक्षा केली आणि सगळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी पापणी उलटून चुन्याचे उरलेले कण काढले. खालच्या पापणीच्या आत कागदाची एक पट्टी टेकवली. रंग अजून गडद येत होता. पुन्हा धुतलं, पुन्हा पट्टी लावली. शेवटी रंग सातच्या आसपास आला.

“हा सामू, म्हणजे पीएच,” ते नातीला म्हणाले. “सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०९ साली ही मोजपट्टी मांडली. अश्रूंचा सामू सुमारे ७.४, चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर. एकेक पायरी दहापटीची. म्हणजे पाच पायऱ्यांत फरक लाखपट! चुना डोळ्यात आत मुरत जातो, म्हणून वेळ घालवायचा नसतो.”

“मग लिंबानं तो मारला गेला नसता?” तिनं भीत भीत विचारलं.

“तो संयोग होताना उष्णता बाहेर पडते, बाळ. शिवाय लिंबाचा सामू दोनच्या आसपास. म्हणजे दुसरी जखम. डोळा ही काही परीक्षानळी नाही. पाणी चुना पातळ करतं आणि वाहूनही नेतं. आईनं आधी पाणी घातलं, म्हणून नजर वाचली.”

संध्याकाळी पानाचा डबा फडताळाच्या सर्वांत वरच्या खणात गेला. आजींनी स्वतःच तो तिथं ठेवला. आणि नातीनं वहीतल्या ‘क्षार व पाणी’ या शब्दांपुढं आणखी एक शब्द लिहिला: ‘उष्णता’.