देव्हाऱ्यातील शाळिग्राम आणि सागराचा तळ

आमच्या घराण्याच्या देव्हाऱ्यात एक शाळिग्राम आहे. गंडकीच्या काठाहून तो कोणत्या पूर्वजाने आणला, हे सांगणारे आज कोणी उरले नाही. त्याची पूजा आमचे ज्येष्ठ बंधू करतात. त्यांनी ऐंशी ओलांडली असून अभिषेकाच्या वेळी त्यांचा हात कापतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या मुलास पूजा पुढे चालविण्याविषयी विचारले. मुलगा भूशास्त्राचा अभ्यासक. "बाबा, ते समुद्रातल्या एका प्राण्याच्या शिंपल्याचे दगड झालेले रूप आहे," एवढेच तो बोलला. दादा उठून आत गेले. त्यानंतर पितापुत्रांत तो विषय पुन्हा निघाला नाही.

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. शाळिग्रामातील चक्र म्हणजे अमोनाइट या सागरी जीवाचा ठसा. सुमारे १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या उत्तर काठावर टेथिस नावाचा सागर होता. त्याच्या काठच्या काळ्या चिखलात तो जीव पुरला गेला. परंतु काठ आपल्या घरी आहे, तर तो सागर कोठे गेला, असा प्रश्न आम्हांस पडला. आणि गतवर्षी आम्ही पुतण्याबरोबर लडाखला गेलो.

कारगिलहून लेहकडे जाताना शेरगोल हे गाव लागते. तेथे पुतण्याने आमच्या हाती गडद हिरव्या रंगाचा, बोटांस गुळगुळीत लागणारा दगड ठेवला. अशा खडकांच्या समूहास ऑफिओलाइट म्हणतात. ग्रीक भाषेत 'ऑफिस' म्हणजे सर्प. सापाच्या कातडीसारख्या रंगामुळे हे नाव पडले. हा समूह म्हणजे सागराचा तळच होय. सर्वांत खाली प्रावरणाचे जड खडक, त्यांवर गॅब्रो, मग भेगांतून चढलेल्या लाव्हारसाच्या उभ्या भिंती, त्यांवर पाण्यात ओतला जाऊन उशांसारखा थिजलेला बेसाल्ट, आणि माथ्यावर सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चर्ट. पूर्वेकडे निडार येथे ही उतरंड बरीचशी शाबूत दिसते. शेरगोलला ती मोडून एकमेकींत मिसळली आहे. स्विस भूवैज्ञानिक ऑगस्ट गान्सर यांनी १९३६ साली यात्रेकरूच्या वेषात कैलासाची परिक्रमा केली, तेव्हा त्यांनाही त्या प्रदेशात याच जातीचे खडक आढळले. ज्या वाटेने भाविक शिवदर्शनास जातात, तिच्या आसपास सागराचा तळ उघडा पडला आहे!

तळ डोंगरावर चढला कसा? पुतण्या म्हणाला, "काका, चढला तो थोडा, बुडाला तो फार." सागराचा तळ थंड व जड झाला की शेजारच्या भूपट्टाखाली वाकून पृथ्वीच्या पोटात उतरू लागतो. उतरताना जे थोडे खरवडून निघते, तेवढेच वर राहते. याचा पुरावा म्हणून त्याने दुसरा दगड दाखविला. त्यात निळसर झाक होती. ती ग्लॉकोफेन या खनिजाची. एरवी जमिनीत जितके खोल जावे तितकी उष्णता वाढते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत तीन किलोमीटर खाली उतरणाऱ्या कामगारांना ते पुरेपूर ठाऊक होते. हे निळे खनिज मात्र मोठा दाब आणि त्या मानाने थोडी उष्णता मागते. असा योग एकाच ठिकाणी जुळतो: थंड तळ तापण्याआधीच वेगाने खाली सरकतो तेथे. आणि तो खडक खालीच रेंगाळला असता तर तापून त्याचा निळेपणा गेला असता. म्हणजे तो लवकर वरही आला. शेरगोलच्या या खडकांचे वय सुमारे १० कोटी वर्षे ठरले आहे. भारत आशियास भिडला तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. सागर त्याच्या कितीतरी आधीपासून बुडत होता.

तो कोणत्या दिशेस बुडाला, हेही दगडच सांगतात. उतरणाऱ्या तळातून पाणी सुटते, त्यामुळे वरचे प्रावरण वितळते आणि तो रस वर चढतो. लेहभोवतीचा ग्रॅनाइट अशाच रसातून घडला. निळा खडक दक्षिणेस आणि ग्रॅनाइट उत्तरेस, यावरून तळ उत्तरेकडे उतरला हे कळते.

पुढे त्सो मोरीरी सरोवराच्या काठी आम्ही बसलो होतो. तेथील खडकांत तामड्याचे कण आहेत. त्यांच्या पोटात कोएसाइट सापडल्याचे देहरादूनच्या वाडिया संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. कोएसाइट म्हणजे सुमारे ९० किलोमीटर वा त्याहून अधिक खोलीवर दाबली गेलेली गारगोटीच. वर येताना तिची पुन्हा साधी गारगोटी होते. तामड्याच्या कवचात जी अडकली, तेवढीच मूळ रूपात टिकली. आणि हा खडक सागराचा नव्हे, भारतभूमीच्याच काठाचा. सागर संपला, आणि त्याच्यामागोमाग आपला काठही खेचला गेला.

यंदा तुळशीच्या लग्नास पुतण्या घरी आला. आम्हीच विषय काढला. दादा सारे ऐकून घेऊन म्हणाले, "एवढ्या दाबातून हा फुटला कसा नाही?"

"हा खोल गेलाच नाही, बाबा. काठावरच्या गाळात होता, त्या गाळाबरोबर घड्या पडून वर आला. पण कितीतरी फुटतात."

"फुटला तरी शाळिग्राम पूज्यच असतो," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेकाच्या वेळी दादांचा हात फार कापू लागला. पुतण्या स्नान करून दारातच उभा होता. त्याने पुढे होऊन पळी हाती घेतली आणि दादांनी मंत्र म्हटले. पुढचे कोणी विचारले नाही, आम्हीही नाही.